मीटर पळतोय म्हणता, तर तपासून घ्या

मंडळी, 2024 च्या मे महिन्यात आपल्या वडोदऱ्यात विजेच्या स्मार्ट मीटरवरून, म्हणजे आधी पैसे भरून मग वीज वापरायच्या नव्या मीटरवरून, लोक रस्त्यावर उतरले. हा मीटर पळतो, म्हणजे वापरापेक्षा जास्त युनिटं दाखवतो, अशी त्यांची तक्रार. तुमच्यापैकीही काहीजण त्यात असतील. दोन महिन्यांनी एकदा लाइटबिल भरायची सवय असलेल्या माणसाला रोजच्या रोज पैसे कापले जाताना दिसले, की पोटात गोळा येणारच. त्या रागाला मी नावं ठेवणार नाही. पण मीटर खरोखर पळतोय का, हे घोषणांनी कळत नाही आणि कंपनीच्या खुलाशानेही कळत नाही. त्यासाठी मीटर तपासावाच लागतो. ती तपासणी मागायचा तुम्हाला हक्क आहे आणि तो फार थोडे लोक वापरतात, याची मला मनापासून खंत वाटते.

2003 च्या विद्युत कायद्याचं कलम 55 सांगतं, की अचूक मीटर बसवल्याखेरीज वितरण कंपनीला वीज पुरवता येत नाही. हा मीटर कसा असावा, ते केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2006 च्या नियमावलीत आहे. घरगुती मीटर 1.0 वर्गाचा किंवा त्याहून चांगला हवा. म्हणजे फरक साधारण एक टक्का. 300 युनिटांमागे तीनेक युनिटं इकडे किंवा तिकडे. ग्राहकाचा मीटर दर 5 वर्षांनी एकदा तरी तपासला जावा, असंही त्याच नियमावलीत आहे. आपल्या घरचा शेवटचा कधी तपासला, हे आज घरी गेल्यावर आठवून पाहा.

ढोबळ पडताळणी तुम्हाला घरीही करता येते. मीटरवर '3200 इम्पल्स प्रति युनिट' असा काहीतरी आकडा छापलेला असतो. एक युनिट वीज वापरली, की त्यावरचा लाल दिवा तेवढ्या वेळा लुकलुकतो. घरातलं सगळं बंद करा, फ्रिज आणि इन्व्हर्टरसुद्धा. दिवा थांबला पाहिजे. आता पाणी तापवायचा 1000 वॅटचा रॉड बादलीत सोडून चालू करा आणि मिनिटभर मोजा. 53 च्या आसपास लुकलुक व्हायला हवी. दाब 230 ऐवजी 220 व्होल्ट असेल तर रॉडच आठ-नऊ टक्के कमी वीज घेतो, म्हणून 49 आले तरी हरकत नाही. 80 आले तर मात्र कुठेतरी पाणी मुरतंय. एक-दोन टक्क्यांची चूक या पद्धतीने सापडत नाही. त्याला प्रमाणित उपकरण लागतं. तशी प्रयोगशाळा तर आपल्या मकरपुऱ्यातच आहे, 'एर्डा' या विद्युत संशोधन संस्थेची, 1974 सालापासूनची.

आता जी गोष्ट लोकांना सहसा कोणी सांगत नाही, ती सांगतो. मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार या भागांतल्या जुन्या घरांमध्ये खाली एक बिऱ्हाड, वर एक बिऱ्हाड, मीटर दोन. पण केव्हातरी एखाद्या वायरमनने सोयीसाठी दोन्ही मजल्यांचा न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, एकत्र बांधून टाकलेला असतो. चकतीच्या जुन्या मीटरला त्याचं सोयरसुतक नव्हतं, तो फक्त फेजमधला, म्हणजे वीज घरात आणणाऱ्या तारेतला, प्रवाह बघायचा. आपल्याकडचे बहुतेक इलेक्ट्रॉनिक मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्ही मोजतात आणि ज्यात प्रवाह जास्त, त्यावर युनिटं धरतात. वीजचोरी पकडण्यासाठी केलेली ती सोय आहे. मग होतं काय, की खालच्यांचा प्रवाह त्यांच्या फेजमधून जातो, त्यांच्या मीटरवर नोंदला जातो आणि परतताना वरच्यांच्या न्यूट्रलमध्ये शिरतो, तिथे पुन्हा नोंदला जातो. एकाच विजेचे पैसे दोन घरं भरतात! मीटर प्रयोगशाळेत नेला तर शंभर टक्के पास होणार. अशा वेळी मीटर बदलून काही उपयोग नाही, न्यूट्रल वेगळे करायला हवेत. दोन्ही तारांतला प्रवाह सारखा नाही हे सांगणारा, मीटरवरचा 'अर्थ' किंवा 'ई.एल.'चा दिवा सतत पेटलेला असेल, तर आधी वायरिंग तपासून घ्या.

जुना मीटर झिजून मंद झालेला असतो, हेही बिल वाढल्यासारखं वाटायचं एक कारण. नवा बसला की खरा वापर दिसू लागतो आणि तो पळतोय असं वाटतं.

कारखानदारांनी आपल्या बिलावरचा गुणकही बघत जावा. मोठ्या जोडणीत प्रवाह सी.टी. नावाच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून कमी करून मोजतात आणि वाचन गुणकाने गुणतात. हरियाणातल्या प्रेम कॉटेक्स या सूतगिरणीच्या बिलात हा गुणक 10 ऐवजी 5 धरला गेला होता. चूक लक्षात आल्यावर तिच्याकडे 135 लाख रुपयांची मागणी आली आणि 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गिरणीचं अपील फेटाळलं. मीटर बरोबर असूनही बिल चुकतं, ते असं.

तक्रार करायची तर लेखी करा आणि आवक क्रमांक घ्या. 2020 च्या ग्राहक हक्क नियमांप्रमाणे मीटरची तपासणी 30 दिवसांत व्हायला हवी. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यात भर पडली: मीटरवरचा आकडा आपल्या वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली, तर कंपनीने 5 दिवसांत दुसरा मीटर जोडीला लावायचा आणि किमान 3 महिने दोन्हींची तुलना करायची. नियम फेब्रुवारीतला, लोक रस्त्यावर आले मे महिन्यात. मधल्या काळात ही माहिती घरोघरी पोचवणं हे वितरण कंपन्यांचं कामच होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जोडमीटर लागला, की पहिल्या दिवशी दोन्ही आकड्यांचा एकाच वेळी फोटो काढून ठेवा. दर रविवारी ठरलेल्या वेळी दोन्ही आकडे वहीत लिहा. पडलेला फरक एक-दोन टक्क्यांच्या वर गेला, तर ती वही घेऊन आधी कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. तिथे समाधान झालं नाही, तर पुढे विद्युत लोकपाल आहेत.