फाइल कुणी उघडली?

नमस्कार, श्रोतेहो.

रात्री अडीचला अपघात विभागात बेशुद्ध रुग्ण येतो. त्याला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे. तशी नोंदही आहे, पण दुसऱ्याच रुग्णालयाच्या संगणकात. ती इथल्या डॉक्टरांना मिनिटाभरात दिसायला हवी आणि त्याच्या शेजाऱ्याला कधीच दिसता कामा नये. अडचण आहे ती या दोन्ही गोष्टी एकदम साधण्याची.

आता नोंद नुसती पोचून भागत नाही, ती कळावीही लागते. समजा, 'रक्तातली साखर ७' एवढंच आलं. साखर मोजायची मापं दोन. मिलिमोलमध्ये ७ म्हणजे मिलिग्रॅममध्ये १२६. उपाशीपोटी एवढी भरली तर मधुमेहाचा उंबरठा. पण हेच ७ मिलिग्रॅममधले असतील, तर रुग्णाच्या जिवावर बेतलंय! म्हणून आकड्यासोबत त्याचं माप यायलाच हवं. अशा नोंदींचे साचे १९८७ साली स्थापन झालेली 'एचएल सेव्हन' ही संस्था ठरवते. तिच्या नव्या साच्याचं नाव 'फायर'. आगीशी त्याचा काही संबंध नाही, आद्याक्षरं तशी जुळली एवढंच.

वाटेत कुणी वाचू नये म्हणून मजकूर कूटबद्ध करून पाठवतात. ते तंत्र चांगलं रुळलेलं आहे. मला धास्ती वाटते ती आतल्या माणसांची. ज्याच्याकडे रीतसर पासवर्ड आहे आणि ओळखीच्या माणसाला काय झालंय याची उत्सुकताही आहे, त्याला कुलूप काय अडवणार? बरं, सगळंच बंद करून ठेवावं, तर अडीच वाजताच्या त्या रुग्णाचं काय? यावर एक तोड आहे, तिला 'काच फोडणं' म्हणतात. आणीबाणीत डॉक्टरांनी कारण लिहायचं, की फाइल उघडते. पण कुणी, कधी, कशासाठी उघडली हे कायमचं नोंदलं जातं आणि नंतर तपासलंही जातं. एस्टोनियात २००८ पासून देशभराची एकच आरोग्य-माहिती यंत्रणा आहे. तिथे आपली फाइल कुणी पाहिली, हे नागरिकाला स्वतः बघता येतं. मला कुलपापेक्षा हा पहारा जास्त भरवशाचा वाटतो.

अर्थात, उघडणाऱ्याचं नाव खरं असेल तरच. एका रुग्णालयात मी संगणकाच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी पाहिली होती. तिच्यावर अख्ख्या वॉर्डाचा मिळून एकच पासवर्ड. नोंदवहीत पाहावं, तर प्रत्येक फाइल उघडणाऱ्याचं नाव 'वॉर्ड तीन'! मी जरा चिडूनच विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "पाळीत चाळीस वेळा पासवर्ड टाकायचा, तर पेशंटकडे कधी बघू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे तिथे प्रत्येकाला नुसतं टेकवायचं कार्ड मिळालं. चिठ्ठी कुणी काढायला सांगितली नाही. दोन आठवड्यांनी गेलो, तेव्हा तिथे फक्त डिंकाचा डाग होता.