आशालता वाबगावकर : पडद्यावरची आई, रंगभूमीवरची सत्यवती

नमस्कार मंडळी. 'अपने पराये', 'नमक हलाल', 'वो सात दिन', 'अंकुश', 'माहेरची साडी'. या सगळ्या चित्रपटांत एक चेहरा दिसतो. साडीचा पदर नीट, आवाज खालच्या पट्टीतला, बोलणं घाई न करता. आशालता वाबगावकर. बहुतेकांच्या लेखी त्या सिनेमातली आई. पण गोव्यात जुन्या नाट्यरसिकासमोर हे नाव काढून बघा, तो सिनेमाचं नावसुद्धा घेणार नाही. तो म्हणेल, 'मत्स्यगंधा'.

[पडद्यावर : २ जुलै १९४१ – २२ सप्टेंबर २०२०]

जन्म गोव्यातला, शिक्षण मुंबईत. पुढे मानसशास्त्रात एम.ए.ही केलं. मुंबई आकाशवाणीवर कोकणी गाणी म्हटली. आणि पाय ठेवला तो दि गोवा हिंदु असोसिएशनच्या नाटकात. गोव्याहून मुंबईला गेलेल्या मंडळींची ही संस्था १९१९ सालची. तिच्या कला विभागाने मराठी रंगभूमीला काय काय दिलं, यावर वेगळा व्हिडिओ लागेल. आशालताबाईंची तिथली पहिली मोठी भूमिका देवलांच्या 'संशयकल्लोळ'मधली रेवती. गुरू गोपीनाथ सावकार.

मग १९६४. वसंत कानेटकरांचं 'मत्स्यगंधा'. संगीत गोव्यातल्या मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचं, पराशर झाले आपले रामदास कामत, आणि सत्यवती, म्हणजेच मत्स्यगंधा, आशालता. वय बावीस-तेवीस.

इथे जरा थांबू, कारण सगळी गोम इथेच आहे.

जुन्या संगीत नाटकात एक पद, म्हणजे नाटकातलं गाणं, सुरू झालं की वन्स मोअर धरून पंधरा-वीस मिनिटं सहज जायची. तोवर कथानक विंगेत चहा पीत बसायचं! अभिषेकींनी पदं आटोपशीर केली. ताना-आलाप मोजके, चाल शब्दांच्या मागे जाणारी. ऐकणाऱ्याला हे सोपं वाटतं. गाणाऱ्याला उलट अवघड. लांब पदात पहिली ओळ जरा डगमगली तरी पुढे सावरायला जागा असते. छोट्या पदात ती जागाच नाही.

आणि पद सुरू होतं कुठून? संवादातून. शेवटचं वाक्य नटीने कुठल्या उंचीवर सोडलं यावर सगळं अवलंबून. भावनेच्या भरात वाक्य वरच्या पट्टीत संपवलं, की ऑर्गनचा षड्ज, म्हणजे 'सा', खाली राहतो आणि पहिलाच स्वर चढा लागतो. म्हणून मुरलेली गायक नटी शेवटच्या तीन-चार शब्दांत आवाज हळूहळू सुरापाशी आणून ठेवते. बोलणं संपलं कधी आणि गाणं लागलं कधी, ते कळत नाही. आपल्याकडे गोव्यात जत्रेच्या नाटकात नवख्या मुली नेमक्या इथे चुकतात. वाक्य संपवतात, थांबतात, ऑर्गनकडे बघतात, मग गातात. त्या दोन सेकंदांत सत्यवती निघून जाते, उरते फक्त गाणारी मुलगी. दुसरी चूक माइकची. पुढच्या कडेला दोन-तीनच माइक असतात, म्हणून पद आलं की नटी चालत तिथे जाऊन उभी राहते. त्यापेक्षा आधीच्या संवादातच सहज वाटेल अशी हालचाल बसवून घ्या.

आता दोन पदं ऐका, याच क्रमाने. आधी 'गर्द सभोवती रान साजणी'. शब्द बालकवींचे. कवी १९१८ साली गेले, त्यांची कविता जवळपास अर्धशतकानंतर या नाटकात आली. आवाज कोवळा, स्वर हलके सोडलेले. त्यानंतर लगेच 'अर्थशून्य भासे मज हा'. गळा तोच, पण 'अर्थशून्य' या शब्दावर किती वजन येतं बघा. कोळ्याच्या पोरीपासून हस्तिनापूरच्या राणीपर्यंतचा प्रवास या दोन पदांत आहे. मेकअप नाही, प्रकाशयोजना नाही, नुसत्या आवाजातून.

हिंदी सिनेमात त्या आल्या १९८० साली, बासू चटर्जींच्या 'अपने पराये'मधून. कथा शरच्चंद्रांची, सोबत उत्पल दत्त, शबाना आझमी, अमोल पालेकर. फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्रीचं नामांकन मिळालं. आणि तिथेच शिक्का बसला. चाळिशी गाठायच्या आत घरातली थोरली बाई! पुढे शंभराहून जास्त चित्रपट, त्यांत आई, वहिनी, सासू, आजी. मराठीत जब्बार पटेलांचा 'उंबरठा', सचिन यांचा 'नवरी मिळे नवऱ्याला'. माझं स्पष्ट मत, या बाईच्या गळ्याचा उपयोग सिनेमाने जवळजवळ केलाच नाही.

पण बोलण्यात तो गळा दिसतो. रंगभूमीवरून कॅमेऱ्यासमोर येणारे बरेच जण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकतात. क्लोजअपमध्ये मग भुवया उडतात, मान ताठ होते आणि साधं 'जेवलास का' हेही भाषण वाटतं. आवाज नुसता लहान करून भागत नाही, कारण श्वासही लहान होतो आणि वाक्याचं शेपूट ऐकूच येत नाही. श्वास गाण्याइतकाच भरायचा आणि आवाज समोरच्या माणसापुरता सोडायचा. आशालताबाईंच्या कुठल्याही प्रसंगात वाक्याचा शेवटचा शब्द ऐका. क्रियापद गिळलेलं सापडणार नाही.

त्या काळी हिंदीत बहुतेक संवाद नंतर डबिंगला पुन्हा म्हणावे लागत. तोच तुकडा पडद्यावर फिरत राहायचा, ओठ जुळेपर्यंत. तालात वाढलेल्या माणसाला हे तुलनेने सोपं जातं, कारण कुठे थांबलो होतो ते अंगात असतं.

शेवटचं काम मालिकेतलं, 'आई माझी काळुबाई'. चित्रीकरण साताऱ्याकडे. सप्टेंबर २०२०, कोरोनाचे दिवस, सेटवरच्या अनेकांना लागण झाली. त्यांनाही. साताऱ्यातच गेल्या, वय ७९.

त्यांनी आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलंय. मिळालं तर वाचा. पडद्यावर एवढ्या आया रंगवल्या, पण पुस्तकाचं नाव ठेवलं 'गर्द सभोवती'.