वायरी पुरल्या नाहीत

[दृश्य: तुलूझचा जोडणी कारखाना. धडाचे दोन भाग एकमेकांजवळ आणले जात आहेत.]

दक्षिण फ्रान्समधलं तुलूझ. एअरबस ए३८० या दुमजली विमानाची शेवटची जोडणी इथे व्हायची. धडाचे पुढचे-मागचे भाग जर्मनीतल्या हॅम्बर्गहून यायचे, आत वायरिंग बसवूनच. जोडणीला घेतल्यावर कामगारांच्या लक्षात आलं, की वायरी पुरत नाहीत. टोक कनेक्टरपर्यंत पोहोचतच नाही.

एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर. मुंबईहून थेट सावंतवाडी गाठेल इतकी. वायरींची संख्या १ लाखाच्या आसपास, कनेक्टर ४०,००० च्या वर. त्यात प्रत्येक विमान कंपनीला आपली आसनं, आपले पडदे हवे, म्हणजे वायरिंगही वेगळं. एक जुडगा ओढून लांब करता येत नाही. तो जातो त्या वाटेवरचं सगळंच उकलावं लागतं.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर वायरींचा आराखडा]

कारण सांगितलं गेलं ते सॉफ्टवेअरचं. तुलूझचे डिझायनर कॅटिया या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या पाचव्या आवृत्तीवर, हॅम्बर्गचे चौथ्या. पुण्याच्या वाहन उद्योगात कॅटियावर बसणाऱ्या कुणालाही विचारा, या दोन आवृत्त्यांमध्ये फाइल नेणं म्हणजे काय ताप होता. पाचवी मुळापासून नव्याने लिहिलेली. वायर कुठे किती वळेल, हे एकीकडचं गणित दुसरीकडे नीट उतरत नव्हतं. वजन वाचवायला बऱ्याच ठिकाणी तांब्याऐवजी ॲल्युमिनिअम वापरलेलं, आणि ते तांब्यासारखं वळत नाही.

पण दोन कारखाने वर्षानुवर्षं दोन आवृत्त्यांवर काम करत राहिले, हे सॉफ्टवेअरने ठरवलेलं नव्हतं.

एअरबस १९७० साली जन्मली ती राष्ट्रीय कंपन्यांची भागीदारी म्हणून. एकसंध कंपनी झाली २००१ मध्ये, कागदावर. हॅम्बर्गचा इंजिनिअर हॅम्बर्गचाच राहिला, तुलूझचा तुलूझचा. वर मूळ कंपनी ईएडीएसला दोन मुख्याधिकारी: एक फ्रेंच, एक जर्मन. ‘आमच्याकडून ओके आहे’ हे वाक्य आपल्याकडच्या कुठल्याही शॉपफ्लोअरवर ऐकू येतं. इथे ते दोन देशांतून, दोन भाषांतून म्हटलं जात होतं, आणि दोघांच्या वर बसून ‘थांबा, आवृत्ती एकच हवी’ असं दोघांनाही बजावेल अशी खुर्चीच नव्हती.

[दृश्य: वर्तमानपत्रांचे मथळे, २००६]

१३ जून २००६ ला विमानं देण्यात नवा विलंब जाहीर झाला. दुसऱ्या दिवशी ईएडीएसचा शेअर २६ टक्के कोसळला. जुलैत ईएडीएसचे फ्रेंच मुख्याधिकारी नोएल फोर्जार आणि एअरबसचे प्रमुख गुस्ताव्ह हुंबेर्ट, दोघांनी राजीनामे दिले. हुंबेर्ट यांच्या जागी आलेले क्रिस्तियाँ स्ट्राइफ तीनेक महिन्यांत बाहेर पडले. ऑक्टोबरपर्यंत एकूण विलंब दोन वर्षांवर गेला होता आणि नफ्याला ४.८ अब्ज युरोंचा फटका बसेल, असं कंपनीच सांगत होती.

मग हॅम्बर्गचे शेकडो कामगार तुलूझला आले. पहिल्या २५ विमानांचं वायरिंग त्यांनी फ्रेंच सहकाऱ्यांच्या जोडीने हाताने केलं, एकेक विमान वेगळं धरून. इतकी वर्षं फाइली इकडून तिकडे फिरत होत्या; माणसं फिरली ती आत्ता. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महाग आणि सगळ्यात शहाणं काम तेच.

पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं १५ ऑक्टोबर २००७ ला. पुढच्या ए३५० च्या वेळी एअरबसने पुरवठादारांसकट सगळ्यांना एकाच डिजिटल मॉडेलवर आणलं.

[दृश्य: धावपट्टीवर उतरणारं ए३८०]

ए३८० ची एकूण २५१ विमानं दिली गेली, शेवटचं २०२१ मध्ये. ते वायरींमुळे बंद पडलं असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. दोन इंजिनांची काटकसरी विमानं आली आणि चार इंजिनं परवडेनाशी झाली. वायरींनी खाल्लं ते मालवाहू ए३८०. विलंबाला कंटाळून दोन कुरिअर कंपन्यांनी, फेडेक्सने २००६ मध्ये आणि यूपीएसने २००७ मध्ये, मागणी रद्द केली. ते विमान कधीच बनलं नाही.