काळी गाडी, कोरडं फडकं

(दृश्य: डिसेंबरची पहाट. इमारतीखालचं पार्किंग. बॅटरीचा झोत काळ्या बॉनेटवरून फिरतोय.)

झोत जरा तिरपा धरू या. दिसलं? उजेडाभोवती गोल गोल, कोळ्याने रात्रभर बसून विणल्यासारखं जाळं. बॅटरी हलवली की जाळंही सरकतं, उजेडाच्या मागे मागे. ओरखडे खरं तर वेडेवाकडे, सगळीकडे पसरलेले असतात. त्यातले दिव्याला वळसा घालणारे तेवढे चमकतात, म्हणून आपल्याला वर्तुळं दिसतात. पांढऱ्या गाडीवरही हे सगळं असतं, पण तिथे ते रंगात जिरून जातं. काळा रंग म्हणजे आरसा. तो काही पोटात ठेवत नाही.

गाडी माझीच आहे. सहा वर्षं झाली. नागपुरात काळी घेऊ नको म्हणून चौघांनी सांगितलं होतं, त्यात गाडी विकणारा माणूसही होता.

शोरूममधून निघालो ते थेट टेकडीच्या गणपतीला. नव्या गाडीचा रस्ता इथे तोच. बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, आरशांना हार, चाकाखाली लिंबू. महिना मे. घरी येईस्तोवर कुंकू वाळून कडक झालं होतं. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि मोठ्या प्रेमाने, कोरडाच, खसाखसा फिरवला. कुंकू गेलं. त्या प्रेमाच्या खुणा मात्र अजून आहेत. आत्ता झोतात दिसल्या, त्यातल्या पहिल्या त्याच.

(दृश्य: बॉनेटचा कोपरा अगदी जवळून.)

गाडीच्या पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर बिनरंगी क्लिअर कोट. सगळी चमक या शेवटच्या थराची. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाड असतो. डोक्यावरचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरा. म्हणजे सहा वर्षं ऊन, धूळ आणि दुपट्टा झेलणारी ही ढाल केसाहून पातळ आहे. हे जाळं त्याच थरात आहे. पॉलिश करायचं म्हणजे ओरखड्याच्या कडा हलकेच तासून आजूबाजूची पातळी खाली आणायची. ओरखडा भरला जात नाही, त्याच्या भोवतीचा थर कमी होतो. दर वेळी एखाद-दोन मायक्रॉन. ही मुदलातली उचल आहे. दर दिवाळीला गॅरेजमध्ये 'रबिंग-पॉलिश' करून घेणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

मग ओरखडे पाडतं कोण? धूळ. आणि ती धूळ रंगावर रगडतो आपण.

नागपूरच्या धुळीत काय काय असतं ते बघा. गेल्या काही वर्षांत गल्लोगल्ली सिमेंटचे रस्ते झाले, त्यांची पांढरी भुकटी. मेट्रोसाठी वर्षानुवर्षं उकरलेली माती. कोराडी-खापरखेड्याकडे राहणाऱ्यांना राखेची ओळख करून द्यायला नको. रात्री गाडी उघड्यावर ठेवली की सकाळी काचेवर करडी साय. औष्णिक केंद्राची ही राख म्हणजे सिलिका आणि ॲल्युमिनाचे काचेसारखे बारीक गोळे, क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कडक. त्यावर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं. गाडीला घातलेलं कापडी कव्हर वाऱ्याने फडफडतं, तेव्हा आत हेच चालू असतं.

(दृश्य: दोन बादल्या, नळी, वाळत घातलेले मायक्रोफायबरचे टॉवेल. शेजारचे काका स्वेटर घालून बघत उभे.)

"सकाळी सकाळी काय करून राहिला बाप्पा? मशीन कायची हे?"

"पॉलिश करून राहिलो काका."

"अन् दोन बादल्या?"

एक शॅम्पूची, एक नुसत्या पाण्याची. मिट, म्हणजे गाडी धुवायचा मऊ हातमोजा, आधी साध्या पाण्यात खळखळून काढायचा, मगच शॅम्पूत बुडवायचा, म्हणजे निघालेली रेती परत गाडीवर चढत नाही. त्याआधी नळीने नुसतं पाणी मारून सुटी धूळ उतरवायची. वरून खाली. दाराचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, कारण चाकांनी उडवलेली खडी तिथे बसलेली असते. शॅम्पू गाडीचाच हवा. कपड्याची पावडर किंवा भांड्याचा साबण आधी लावलेलं मेण ओरबाडून नेतो. डिझेलचा पोछा मारून गाडी चकाचक करणारेही भेटतात; ती चमक तेलाची असते आणि तासाभरात शहरभरची धूळ बोलावून घेते.

पाण्याचं मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल.

(दृश्य: अडगळीत ठेवलेला कूलर. जाळीवर जमलेला पांढरा थर.)

कूलरच्या जाळीवर आणि वाळ्याच्या ताट्यांवर उन्हाळा संपताना हा जो पांढरा खर जमतो, तो बोअरच्या पाण्यातला क्षार. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो. उन्हात धुतलेल्या काळ्या बॉनेटवर तेच होतं, फक्त दोन मिनिटांत. थेंब सुकला की पांढरी कडी उरते, आणि तापलेल्या पत्र्यावर ती हळूहळू क्लिअर कोटमध्ये घर करते. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. तो हवेचा आकडा, सावलीतला. उन्हातल्या काळ्या पत्र्याला हात लावून बघायची हौस कुणाला असेल तर त्याने नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते होरपळणारे नऊ दिवस, गाठावा.

पाणी वाचवायचं म्हणून आरओचं टाकाऊ पाणी बादलीत साठवून गाडी धुणारी घरं मला ठाऊक आहेत. पहिली दोन वर्षं आमचंच घर तसं होतं. हेतू उत्तम, पण आरओने गाळून बाजूला काढलेला सगळा क्षार त्या बादलीत असतो. फरशी पुसा त्याने, काळी गाडी नको. उलट एसीच्या नळीतून टपकणारं पाणी साठवा. ते हवेतल्या बाष्पाचं, जवळजवळ क्षारविरहित. धुऊन झाल्यावर तेवढंच शेवटी ओतलं तरी डाग कमी पडतात. आणि धुवायचं ते सकाळी सहाच्या आत, सावलीत. एकेक भाग धुवायचा, लगेच जाड टॉवेल पसरून टिपायचा. पुसायचा नाही, टिपायचा.

(दृश्य: पातळ पिशवीत घातलेला हात बॉनेटवरून सरकतो. खरखर ऐकू येते.)

भाजीवाल्याकडची पातळ पिशवी हातात चढवून धुतलेल्या बॉनेटवरून हलका हात फिरवा. नुसत्या बोटांना जे कळत नाही ते पिशवीतून कळतं. ही खरखर म्हणजे रंगात रुतलेले लोखंडाचे, राखेचे कण आणि आंब्याखाली गाडी लावली असेल तर मोहराच्या दिवसांतला चिकटा. मोहरावरचे तुडतुडे तो गोड रस टाकतात. दोन दिवसांत त्यावर धूळ बसते आणि शॅम्पू हात टेकतो. यावर उपाय क्ले बार. मऊ मातीची वडी, भरपूर फवारा मारून, जोर न लावता फिरवायची, मळ दिसला की मळून नवी बाजू काढायची. खाली पडली तर सरळ कचऱ्यात. मी एकदा पडलेली वडी धुऊन वापरली. डाव्या दारावर त्याची सही आहे.

आता मशीन. गॅरेजवाल्याचं रोटरी मशीन एका जागी गरागरा फिरतं, हात चुकला तर थर जाळतं आणि उन्हात धुरकट वलयं दाखवतं. घरी ड्युअल ॲक्शन बरं. त्याचा पॅड फिरतो आणि डोलतोही, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. कडांवर क्लिअर कोट आणखी पातळ, म्हणून तिथे मास्किंग टेप. पॅडवर पॉलिशचे वाटाण्याएवढे चार थेंब. दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन. आधी उभं, मग आडवं, वजन मशीनचंच.

पहिला चौकोन झाला. पुसून बघतो तर जाळं गायब, आणि इथेच फसायला होतं. पॉलिशमधलं तेल ओरखड्यात बसून त्यांना झाकतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून मारलं, तेल उतरलं, परत बॅटरी. निम्मं जाळं खरंच गेलं होतं. दुपट्ट्याचे खोल चरे तसेच. ते काढायला जेवढा थर द्यावा लागेल तेवढा मी देणार नाही. राहू देत.

"झालं काय बे?" काकांचे तर्री पोहे खाऊन झाले होते.

"एक दार झालं काका."

(दृश्य: संध्याकाळ. बॉनेटवर आकाश उमटलंय.)

राहिला बंदोबस्त. कार्नोबा मेण काळ्या रंगावर फार देखणं दिसतं, ओल्या दगडासारखी खोली येते. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं हे मेण ८० अंशांच्या थोडं वर वितळतं, तरी आपल्या उन्हाळ्यात लवकर मान टाकतं. सिरॅमिक कोटिंग जास्त टिकतं, पण त्याच्या डबीवरचं '९एच' वाचून भुलू नका. तो पेन्सिलीच्या मापातला कडकपणा आहे. किल्लीचा ओरखडा त्याने थांबत नाही. पाणी घसरतं, धूळ कमी धरते, पक्ष्याची विष्ठा पुसायला थोडा वेळ मिळतो. एवढंच, आणि तेवढं पुरे. मे महिन्यात हे कोटिंग लावताच वाळतं आणि पट्टे उमटतात, म्हणून काम डिसेंबरात काढलं. तवंगासारखे रंग दिसले की पुसायचं, मग दिवसभर पाणी लागू द्यायचं नाही.

(दृश्य: दुसरा दिवस, पहाट. जिन्यावरून धावत येणारी पावलं.)

सकाळी साडेपाचला गाड्या पुसणारा दादा आला. एका बादलीत अख्ख्या इमारतीच्या गाड्या. मी चपला न घालताच खाली.

"दादा, काळी राहू दे!"

त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "तुमची पुसायचीच नाही म्हणता, मग पैसे कायचे देऊन राहिले?"

"न पुसायचे."

त्याने क्षणभर बघितलं आणि फडकं पिळून शेजारच्या पांढऱ्या गाडीकडे वळला.