शर्यत भिंतीपाशी असते

(महाविद्यालयाच्या जिमखान्यात, जलतरण संघाच्या निवडीआधी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

दहावीच्या वर्षी टँक सोडला अशांनी हात वर करा. बघा, जवळजवळ सगळेच. नववीपर्यंत क्लबकडून पोहायचं, दहावीला क्लास लागला की बंद, मग बारावी, सीईटी, आणि एफवायला आल्यावर नोटीस बोर्डावर जिमखान्याचा कागद दिसला की जुना गॉगल शोधायचा. महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांचा संघ असाच जमतो. मधल्या काळात ज्यांनी पाणी सोडलं नाही तेही स्पर्धेला येणार आहेत. त्यांचं टायमिंग पाहून घाबरू नका असं मी म्हणणार नाही, घाबरण्यासारखंच असतं ते. पण आज मी बोलणार आहे ते तुमच्याबद्दल. म्हणजे प्रॅक्टिकल, सबमिशन आणि बस सांभाळून ज्याला आठवड्यातून चार-पाच तास पाणी मिळतं, त्या पोहणाऱ्याबद्दल.

मी कॉलेजकडून पोहले, क्लबकडूनही पोहले. आता स्पर्धांना पंच म्हणून जाते आणि बहुतेक वेळा मला टर्नच्या टोकाला उभं करतात. तिथून पोहणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. भिंतीला लागणारे हात दिसतात आणि भिंतीवरून सुटणारे पाय दिसतात. त्या जागेवरून मला जे कळलं तेच सांगते: कॉलेजच्या पातळीवर पोहण्यातला फरक लेनच्या मधोमध फारसा नसतोच. तिथे सगळे साधारण सारखेच दमलेले असतात. फरक पडतो तो भिंतीपाशी.

आधी पोहण्यात पडलेल्या खंडाबद्दल. तीन वर्षांनी पाण्यात उतरलात की पहिल्या दिवशी छान वाटतं, कारण तंत्र अंगात राहिलेलं असतं. जातो तो दम. दुसऱ्या आठवड्यात ते कळतं. शिवाय आणखी एक गोष्ट असते जी कोणी सांगत नाही: नववीत होतं ते शरीर आता नाही. उंची वाढली, वजन वाढलं, खांदे रुंद झाले आणि हात मात्र जुन्याच सवयीनं पडतो. म्हणून सुरुवातीचा महिनाभर पॅडल्स, म्हणजे तळहाताला लावायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, हातात घेऊ नका. पॅडल्स लावली की वेग वाढल्यासारखा वाटतो, आणि ज्या खांद्यानं तीन वर्षं दप्तराशिवाय काही उचललं नाही तो खांदा दुखायला लागतो. खांदा दुखला की पुन्हा महिनाभर घरी. त्यापेक्षा एका लेंग्थला, म्हणजे टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आपले किती हात पडतात ते मोजा. आकडा कमी होत गेला पाहिजे, वेग तोच ठेवून.

आता पाण्याचा हिशेब. आपल्याकडे बॅच असते. बॅच तासाची म्हणतात, पण शॉवर, वाट पाहणं, गप्पा धरून हातात पाऊण तास उरतो. एका लेनमध्ये आठ जण. त्यातला एक नेहमी मधूनच ब्रेस्टस्ट्रोक मारत जातो आणि मागच्या सगळ्यांची रांग लावतो. (तुमच्यातच आहे तो. नाव घेत नाही.) वर्षभर पोहणारा मुलगा सकाळी एका बैठकीत 5 किलोमीटर सहज काढतो. तुमचे होतात जेमतेम दीड-दोन. अंतराच्या बाबतीत तुम्ही त्याला गाठणार नाही, हे मान्य करून टाका. मग त्या दोन किलोमीटरमध्ये करायचं काय?

आकडा बघा. 25 मीटरच्या टँकमध्ये 100 मीटरची शर्यत म्हणजे एक डाइव्ह, तीन टर्न आणि शेवटचा टच. डाइव्हनंतर 10 मीटर आणि प्रत्येक टर्ननंतर 5 मीटर पाण्याखाली राहिलात, तर 100 पैकी 25 मीटर तुम्ही एकही हात न मारता काढता. आणि हे 25 मीटर तुमच्या पूर्ण शर्यतीतले सगळ्यात वेगवान असतात. भिंतीला पाय लावून ढकललं की मिळणारा वेग तुमच्या पोहण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो. पृष्ठभागावर आपण पोहतो तेव्हा बरीच ताकद लाटा उठवण्यात जाते, थोडं खाली राहिलं की तो खर्च वाचतो. पण मी टर्नला उभी असते तेव्हा काय दिसतं? पोरं भिंतीवरून सुटतात आणि लगेच डोकं वर काढून श्वास घेतात. फुकट मिळालेला वेग तिथेच संपतो.

ही गोष्ट एका कॉलेजच्याच पोरानं साऱ्या जगाला दाखवून दिली. डेव्हिड बर्कॉफ हा हार्वर्डचा विद्यार्थी. हार्वर्डसारख्या आयव्ही लीगच्या विद्यापीठांत खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, अभ्यास करूनच पोहायचं. हा बॅकस्ट्रोकवाला स्टार्टनंतर वर येतच नसे. पाठीवर, पाण्याखाली, दोन्ही पाय जोडून डॉल्फिन किक मारत तो 30-35 मीटर जायचा. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये 100 मीटर बॅकच्या हीटमध्ये त्यानं 54.51 सेकंदांचा विश्वविक्रम केला. फायनलमध्ये मात्र जपानच्या दाइची सुझुकीनं सुवर्ण नेलं. तोही पाण्याखालूनच आला होता, हे विशेष. त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघानं नियम केला, आधी 10 मीटर आणि मग 15 मीटर. स्टार्ट किंवा टर्ननंतर 15 मीटरच्या खुणेपर्यंत डोकं वर आलंच पाहिजे. फ्री (फ्रीस्टाइल), बॅक आणि फ्लायला (बटरफ्लाय) आजही तोच नियम आहे. लेनच्या दोरीवर वेगळ्या रंगाची ती खूण असते, ती बर्कॉफच्या धास्तीनं आली असं समजा. नियम करून ज्या गोष्टीला आवर घालावा लागला, ती आपल्याला 5 मीटरही जमू नये?

अमेरिकेतल्या कॉलेजांचा मुख्य मोसम 25 यार्डांच्या टँकमध्ये होतो, म्हणजे 23 मीटरपेक्षाही कमी. भिंत सारखी समोर येते, त्यामुळे तिथली पोरं टर्नवर जगतात. सिंगापूरचा जोसेफ स्कूलिंग टेक्सास विद्यापीठाकडून पोहत होता, तेव्हा 2016 मध्ये रिओला त्यानं 100 मीटर फ्लायमध्ये 50.39 सेकंदांत सुवर्ण जिंकलं. त्याच्या मागे अमेरिकेचा मायकेल फेल्प्स, दक्षिण आफ्रिकेचा ले क्लॉस आणि हंगेरीचा चेह हे तिघेही 51.14 वर टच झाले आणि तिघांनाही रौप्य मिळालं.

तुमच्यातले काही म्हणतील, आपल्या स्पर्धा तर 50 मीटरच्या टँकमध्येही होतात. म्हाळुंगे-बालेवाडीला होतात, दादरच्या महात्मा गांधी तलावात होतात. बरोबर. तिथे 100 मीटरला एकच टर्न. 25 मध्ये सराव केलेल्याला तिथे पहिल्यांदा वाटतं की समोरची भिंत येतच नाही. 35 मीटरनंतर हात जड व्हायला लागतात. त्याला उपाय एकच, महिन्यातून दोनदा तरी मोठ्या टँकमध्ये जाऊन पोहून या. पण भिंतीचं महत्त्व तिथेही संपत नाही. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं 2010 मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ब्राँझ मिळवलं. 1986 च्या खजान सिंगनंतर 24 वर्षांनी आशियाई खेळांत भारताला मिळालेलं ते जलतरणातलं पदक. शर्यत होती 50 मीटर फ्लाय. एक लेंग्थ, एकही टर्न नाही. म्हणजे सुटण्याची भिंत आणि टच करण्याची भिंत, बस्स.

टचवरून सांगते. 2008, बीजिंग, 100 मीटर फ्लाय. सर्बियाचा चाविच पुढे होता. शेवटी तो हात लांब करून भिंतीकडे घसरत गेला. फेल्प्सनं आणखी अर्धा हात मारला. फेल्प्स 50.58, चाविच 50.59. आपल्याकडे 0.01 सेकंदाचा निकाल लागत नाही, कारण बहुतेक ठिकाणी वेळ हातातल्या स्टॉपवॉचनं घेतात. एका लेनला तीन वेळाधिकारी असतील तर दोघांची जुळलेली वेळ धरतात, तिघांची वेगवेगळी आली तर मधली. त्यामुळे टँकवर बोर्ड पाहून हुज्जत घालू नका. टच मात्र असा जोरात करा की वेळाधिकाऱ्याला शंका राहू नये.

आता सेट, म्हणजे सरावात ठरवून मारायचे तुकडे. सान डिएगो स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक ब्रेंट रशल यांनी एक पद्धत मांडली: लांब अंतरं पोहत बसू नका, शर्यतीच्या वेगानं छोटे तुकडे पोहा, मध्ये थोडीशी विश्रांती घ्या, आणि वेग सुटला की एक तुकडा सोडा. रशलांचं सगळं मला पटत नाही. 400 आणि 1500 वाल्यांना लांब पोहणं लागतंच असं माझं मत आहे. पण ज्याच्याकडे पाऊण तास आहे त्याला ही पद्धत वरदान आहे. समजा तुम्हाला 100 फ्री 1 मिनिट 12 सेकंदांत मारायचं आहे, म्हणजे 25 ला 18 सेकंद. मग 25 चे तुकडे, प्रत्येकी 18 सेकंदांत, मध्ये 15-20 सेकंद विश्रांती. 18 चे 19 झाले की एक सोडा. पुन्हा चुकले की सेट संपला. आणि प्रत्येक तुकडा भिंतीवरून सुटून पाण्याखाली 5 मीटर, एकही सूट नाही. सहाव्या-सातव्यालाच सेट तुटेल. तुटू दे. पुढच्या आठवड्यात दहाव्याला तुटेल.

एक गोष्ट मात्र गांभीर्यानं ऐका. पाण्याखाली राहण्याच्या नादात श्वास कोंडून अंतर कापण्याच्या पैजा लावू नका. आधी भराभर श्वास घेऊन मग बुडी मारणं तर अजिबात नाही. त्यानं शुद्ध जाते, आधी काही कळतही नाही, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं पोरगा सराव करतोय. दुसरं, डाइव्ह फक्त खोल बाजूनं. स्पर्धेच्या ब्लॉकखाली (उडी मारायच्या चौथऱ्याखाली) किमान 1.35 मीटर पाणी असावं असा नियम आहे. आपल्या जुन्या टँकची उथळ बाजू त्यात बसत नाही. तिथून डोक्यावर उडी मारलेली मला दिसली तर मी कोचला नाही, तुमच्या घरी फोन करीन.

डीक्यूबद्दल, म्हणजे बाद ठरण्याबद्दल, थोडक्यात. ब्रेस्ट आणि फ्लायला दोन्ही हात एकाच वेळी, एकमेकांपासून सुटे, भिंतीला लागले पाहिजेत. दमलेला माणूस एक हात आधी लावतो, माझा हात वर जातो, आणि मग त्याचे मित्र माझ्याकडे असं पाहतात की जणू मी त्याची किडनी मागितली. बॅकच्या टर्नला पालथं झाल्यावर सलग हात मारून फिरायचं, पालथे होऊन घसरत भिंतीकडे जायचं नाही. भिंतीपासून 5 मीटरवर झेंड्यांची दोरी असते, तिथून आपले किती हात पडतात ते पाठ पाहिजे. आपल्या सरावाच्या टँकवर दोरी नसेल तर कपडे वाळत घालायची दोरी आणा आणि बांधा, मी परवानगी मिळवून देते.

रिले मी मुद्दाम मागे ठेवली. कॉलेजचा संघ म्हणजे खरं तर रिलेच. वैयक्तिक शर्यतीत तुम्ही सहावे आलात तर फारसं कोणाला आठवत नाही. रिलेत मात्र चौथा माणूस नसेल तर तीन उत्तम पोहणारे काठावर बसून राहतात. मेडली रिलेचा क्रम बॅक, ब्रेस्ट, फ्लाय, फ्री. वैयक्तिक मेडलीत फ्लाय आधी असतं, पण बॅकचा स्टार्ट पाण्यातून होतो, म्हणून रिलेत त्याला पहिलाच नंबर लागतो. बदलीच्या क्षणी पुढचा माणूस ब्लॉकवर हात फिरवत तयार असतो. आतल्याचा हात भिंतीला लागण्याआधी त्याचे पाय सुटले तर चौघेही बाद. नीट साधलं तर प्रत्येक बदलीला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वाचतं, तीन बदल्यांचे मिळून दीड सेकंद. एवढा वेळ पोहून कमवायला अख्खा मोसम जाईल. आणि याचा सराव करायला लेनही लागत नाही, बॅच संपल्यावर पाच मिनिटं ब्लॉक मिळाला तरी पुरे. पण ज्याच्या मागून उडी मारायची त्याचा हात तुम्हाला वाचता आला पाहिजे. म्हणून रिलेतले चौघे रोज एकाच लेनमध्ये पोहा, भांडलात तरी.

मघाशी मागून एका मुलानं पोहण्याच्या महागड्या सूटबद्दल विचारलं. 2008-09 च्या त्या अंगभर सूटांवर 2010 पासून बंदी आहे, मुलांना कमरेपासून गुडघ्यापर्यंतच चालतो. तुमच्या टायमिंगला त्यानं पडणारा फरक एका नीट टर्नपेक्षा कमी असेल. पैसे गॉगलवर घाला, आणि दुसरा गॉगल बॅगेत ठेवा, कारण डाइव्हला पहिला हमखास निसटतो.

मुलींच्या 200 फ्लायला अर्ध्या लेन रिकाम्या असतात, हे मी पंच म्हणून दरवर्षी बघते. नियमात बसून शर्यत पूर्ण केलीत तरी अनेकदा संघाला गुण मिळतात. ज्यांना फ्लाय येतं, थोडंफार येतं, किंवा येत नाही पण शिकायची तयारी आहे, त्यांनी जाण्याआधी टेबलावरच्या वहीत नाव लिहा. ब्रेस्टवाले मुलगेही दोन कमी आहेत.