पाऊण इंचात गोदाघाट

मंडळी, ही फळी सव्वा इंच जाडीची आहे. सागवान. मागे अर्धा इंच लाकूड मजबुतीसाठी ठेवावंच लागतं, नाहीतर फळी तडकते. म्हणजे कोरायला माझ्या हातात उरला पाऊण इंच. या पाऊण इंचात मला गोदाघाटाची पायरी, तिच्यावर कळशी घेऊन बसलेली बाई, पलीकडचं नारोशंकराचं देऊळ, त्याच्यामागचे वाडे आणि क्षितिजावरची डोंगराची कड, एवढं सगळं बसवायचं आहे. डोंगर काही मैलांवर, बाई माझ्यापासून दहा हातांवर. हे अंतर लाकडात कुठून आणायचं?

मी शिकायला लागलो तेव्हा मला वाटायचं, लांबचं दाखवायचं तर खोल खोदायचं. मोराच्या एका फळीत मी मागची जमीन, म्हणजे आकृतीमागचा सपाट भाग, इंचभर खाली नेली. महिनाभर पटाशी चालवली. शेवटी मोर त्या जमिनीवर चिकटवल्यासारखा दिसत होता, आणि पावसाळ्यात फळीला मधोमध चीर गेली. जमीन खोल होती, पण चित्रात खोली नव्हती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे समजायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

आमच्या धंद्यात मोजमाप सुतात चालतं, इंचाला आठ सूत. पाऊण इंच म्हणजे सहा सूत. ते मी असे वाटतो: बाई आणि तिची पायरी यांना तीन, देवळाला दीड, वाड्यांना एक, डोंगराला अर्धा. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त अंतर डोंगराच्या अलीकडे पसरलेलं आहे आणि लाकडात त्यालाच सगळ्यात कमी जाडी. डोळाही तसाच वागतो. जवळच्या माणसाची गोलाई त्याला स्पष्ट कळते, दूरचा डोंगर नुसता पुठ्ठ्यासारखा सपाट दिसतो. तेव्हा जाडी खर्च करायची ती जवळच्या गोष्टीवर.

इटलीत फ्लॉरेन्सला लोरेंझो गिबर्तीने १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षं घालवून बाप्तिस्मागृहाचा ब्राँझचा दरवाजा घडवला. त्याच्या दहा चौकटी आहेत. पुढची माणसं जवळजवळ सुटी होऊन बाहेर येतात आणि मागच्या कमानी नुसत्या रेघा ओढाव्यात इतक्या उथळ आहेत. धातू वेगळा, देश वेगळा, हिशेब तोच.

आता या वाटणीतली खरी गंमत सांगतो. सहा सुतांतले सुरुवातीचे तीन बाईवर गेले, मग मागचं सगळं तिच्याहून तीन सूत खाली ठेवायचं का? नाही. तिच्या खांद्याच्या कडेला लागून मागची जमीन पूर्ण खाली घ्यायची, आणि तिथून लांब जाताजाता हलक्या उताराने परत वर आणायची. फळीच्या कोपऱ्यातला डोंगर मोजला तर तिच्या कोपराच्या पातळीला येऊन बसतो, तरी तो लांबच वाटतो. कारण डोळा खोली मोजत नाही, कडेला पडलेली सावली बघतो. खांद्याची कड सरळ खाली उतरवली की ती सावली येते. शेवटी तीच कड आतून थोडी पोखरली की सावली गडद होते. हे पोखरणं मात्र अगदी शेवटी. आधी केलंत तर पुढच्या एखाद्या ठोक्याला कड उडते. सागात सिलिका असतो, तो धार खातो, आणि बोथट धारेने आडव्या रेशात लाकूड कापलं जात नाही, तुटतं. पटाशी दर थोड्या वेळाने चामड्यावर फिरवा.

कळशीचं तोंड जवळून बघा. शिकणारा ते नेहमी पूर्ण गोल काढतो, आणि कळशी भिंतीवर टांगलेल्या ताटलीसारखी दिसते. आपण ती थोडी वरून बघतोय, म्हणून तोंड लांबट होणार. पुढचा ओठ जाड, उंच आणि धारदार. मागचा ओठ बारीक, त्याच्यापेक्षा अर्धा सूत खाली, कडा मवाळ. आणि सगळ्यात खोल जागा मध्यभागी नाही, पुढच्या ओठाच्या लगेच मागे. तिथे काळोख साठला की आत पाणी असेल असं वाटायला लागतं. मी हे आधी शाडूत करून बघतो, कारण शाडूत चूक बुजवता येते.

पांडवलेण्यात तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यासमोर उभे राहा. तिथे खाली दगडात काही आकृत्या कोरल्या आहेत, त्या खांद्यावर तुळयांचा भार घेऊन उभ्या आहेत. शरीर थोडंच दिसतं, बाकीचं खडकात. पण ते नाही असं आपल्याला वाटतच नाही, अख्खं लेणं त्यांनी उचललंय असं वाटतं. दगड तिथे लाकडी बांधणीचं रूप घेतो. झाकलेला भाग बघणाऱ्याचं मन पुरा करतं. म्हणून मी पायरीने देवळाचा पाया झाकतो, झाकलं की देऊळ आपोआप मागे जातं.

प्रकाशाचं बोलायलाच हवं. जुन्या वाड्यांत चौकातून उजेड तिरका यायचा आणि महिरपीवरची वेल, सुरूच्या झाडासारख्या घडणीच्या खांबावरची पानं, केळफुलं जिवंत व्हायची. त्याच लाकडावर आता ऑइल पेंटचे थर चढतात. रंग खाचेत साचतो, कडा बुजतात, आणि वर समोरून ट्यूबलाइट. हे बघून मला फार वाईट वाटतं. घरात जुनी गणेशपट्टी असेल तर तिला रंग लावू नका, जवसाचं तेल पुरे.

आता पुढचे दिवे मालवायला सांगतो. हा टेबललॅम्प फळीच्या डाव्या बाजूला, जवळजवळ तिच्या पातळीत धरतो. पहिल्या रांगेपासून एकेक जण या, आणि दिवा हळूहळू समोर आणताना कळशीच्या तोंडातला काळोख कुठे जातो ते बघा.