घटस्फोटानंतर फ्लॅट कोणाचा? ‘अर्धं-अर्धं’ होतं ते गोव्यात, महाराष्ट्रात नाही

नमस्कार मंडळी. घटस्फोटाचा विषय निघाला की माहेरचं कोणीतरी हमखास म्हणतं, “काळजी करू नकोस, कायद्याने अर्धं घर तुझंच आहे.” आणि त्याच आठवड्यात सासरी कोणीतरी धास्तावून म्हणत असतं, “आता ती अर्धं घर घेऊन जाणार.” दोन्ही घरांचं बाकी कशावरच एकमत नसतं, पण या गैरसमजावर असतं!

महाराष्ट्रात लग्न झालं म्हणून नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोचा किंवा बायकोच्या मालमत्तेत नवऱ्याचा हिस्सा आपोआप तयार होत नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा उघडून बघा. मालमत्तेसाठी त्यात एकच कलम आहे, २७ वं. तेही लग्नात किंवा लग्नाच्या आसपास मिळालेल्या आणि दोघांच्या सामाईक असू शकणाऱ्या वस्तूंपुरतं. नोंदणी पद्धतीने, म्हणजे विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं असेल तर तेवढंही कलम नाही. फ्लॅट, प्लॉट, एफडी, पीएफ हे सगळं ज्याच्या नावावर त्याचं.

हे बदलायचा एक प्रयत्न झाला होता. २०१० मध्ये संसदेत आलेलं विवाह कायदे दुरुस्ती विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेने मंजूर केलं. नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेचा विचार करून बायकोला भरपाई द्यावी, अशी तरतूद त्यात होती. लोकसभेत ते पुढे सरकलंच नाही आणि मुदत संपल्यावर बारगळलं.

आता उदाहरण घेऊ. काल्पनिक आहे, पण असं जोडपं तुमच्या सोसायटीत असेलच. दोघं पुण्यात नोकरी करतात. वाकडला फ्लॅट घेतला. आजची किंमत एक कोटी वीस लाख, कर्ज बाकी चाळीस लाख. म्हणजे खरी वाटणी ऐंशी लाखांची.

[स्क्रीनवर: १ कोटी २० लाख वजा ४० लाख = ८० लाख]

पहिला प्रश्न, करारनाम्यावर आणि इंडेक्स टूवर, म्हणजे दस्तनोंदणीच्या उताऱ्यावर, नाव कोणाचं? एकट्या नवऱ्याचं असेल तर बायकोला मालकीहक्क सांगण्यासाठी आपण पैसे घातल्याचा पुरावा लागतो. आणि इथेच गोची होते. आपल्याकडे दोघांच्या पगाराचं नियोजन कसं चालतं? “तुझ्या खात्यातून ईएमआय जाऊ दे, माझ्यातून किराणा, शाळेची फी, लाईट बिल, आईंची औषधं.” घर चालवायला सोयीचं आहे. पण पंधरा वर्षांनी बँक स्टेटमेंट काढलं की एकाच्या नावावर घर उभं राहिलेलं दिसतं आणि दुसरीच्या नावावर डी-मार्टची बिलं. तिच्या पगाराशिवाय त्याला तो ईएमआय झेपलाच नसता, हे कोणत्याही कागदावर लिहिलेलं नसतं. मला विचाराल तर या सगळ्या विषयातला सर्वात मोठा अन्याय हा आहे, आणि तो कोर्टात नाही, डायनिंग टेबलावर होतो.

मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये एका गृहिणीच्या बाजूने वेगळी भूमिका घेतली. घर सांभाळणं हेही मालमत्ता उभी करण्यातलं योगदान आहे, असं म्हणून नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचा समान वाटा मानला. निकाल चांगलाच आहे, वकील त्याचा आधार घेतातही. पण तो महाराष्ट्रातल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

दोघांची नावं असतील तर? मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ४५ वं कलम सांगतं की ज्याने जेवढे पैसे घातले त्या प्रमाणात हिस्सा. पुरावा नसेल तर समान हिस्सा धरला जातो. म्हणजे आपल्या उदाहरणात चाळीस-चाळीस लाख. टू बीएचके मधोमध कापता येत नाही, हे कायद्यालाही कळतं. १८९३ चा वाटप कायदा आहे. निम्मा किंवा जास्त हिस्सा असलेला मालक कोर्टाकडे घर विकायची मागणी करू शकतो, आणि दुसरा म्हणू शकतो, “विकू नका, मूल्यांकन करा, त्याचा हिस्सा मी घेतो.” नवरा-बायकोतला मालमत्तेचा असा दावा कौटुंबिक न्यायालयात चालतो. तो वर्षानुवर्षं चालतो, म्हणून शहाणी माणसं तिथवर जायच्या आत तडजोड करतात.

समजा मुलगी आईकडे राहणार आणि आईला घर ठेवायचंय. तिच्याकडे द्यायला चाळीस लाख रोख नाहीत. मग सहसा जुळतं ते असं: नवरा एकरकमी पोटगीच्या बदल्यात आपला अर्धा हिस्सा सोडतो आणि राहिलेलं कर्ज ती एकटी फेडते. कागदावर छान दिसतं. पण बँकेला तुमच्या घटस्फोटाशी काही देणंघेणं नाही. कर्जाच्या करारावर दोघांच्या सह्या आहेत, हप्ता चुकला तर ती दोघांच्या मागे लागणार. तुमचा सिबिल स्कोअर विभक्त झालेल्या जोडीदाराच्या हातात राहायला नको असेल, तर बँकेने कर्ज तिच्या एकटीच्या नावावर करायला लेखी होकार द्यायला हवा. तिचा पगार बघून बँक नाही म्हणाली, तर अख्खी तडजोड पुन्हा मांडावी लागते. म्हणून बँकेत आधी जा.

आता मुद्रांक शुल्क. इथे लोक फार फसतात. “हक्कसोडपत्र नाममात्र शुल्कात होतं” हे तुम्ही ऐकलं असेल. ते वडिलोपार्जित मालमत्तेचं. तुम्ही दोघांनी विकत घेतलेल्या फ्लॅटमधला हिस्सा सोडला, तर त्या हिश्श्यावर खरेदीखतासारखंच शुल्क लागतं. इथे कर्ज वजा होत नाही, म्हणून आपल्या उदाहरणातला अर्धा हिस्सा साठ लाखांचा, म्हणजे चार लाखांच्या आसपास जातील. राहत्या घराचं बक्षीसपत्र नवरा-बायकोत केलं तर मुद्रांक शुल्क फक्त दोनशे रुपये. पण ते ‘नवरा-बायकोत’! घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की नातं संपलं आणि सवलतही. शिवाय पैसे घेऊन केलेलं बक्षीस हे बक्षीस राहत नाही.

मग घटस्फोटाच्या आधीच बक्षीसपत्र उरकायचं का? परस्पर संमतीच्या घटस्फोटात पहिल्या आणि दुसऱ्या अर्जात सहा महिन्यांचं अंतर असतं, २०१७ पासून कोर्ट योग्य प्रकरणात ते माफ करू शकतं. पण हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलंय. तुम्ही घर देऊन बसलात आणि समोरचा म्हणाला, “मला घटस्फोटच नको,” तर? म्हणून दस्त कधी नोंदवायचा, हा प्रश्न वकिलाला पहिल्या भेटीतच विचारा.

राहण्याच्या हक्काबद्दल थोडक्यात, कारण मालकीशी त्याची फार सरमिसळ होते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने बाईला सामायिक घरात राहायचा हक्क दिला. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की घर सासऱ्यांच्या नावावर असलं, तरी ती जर तिथे संसार करत होती तर ते सामायिक घर ठरू शकतं. तिला कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही. पण या हक्काने सातबाऱ्यावर किंवा शेअर सर्टिफिकेटवर नाव चढत नाही.

सोन्याचं मात्र सरळ आहे. स्त्रीधन तिचंच, माहेरचं असो वा सासरी घातलेलं. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा एकदा सांगितलं की स्त्रीधन ही नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता नव्हे. अडचण सिद्ध करायची असते. गंमत म्हणजे लग्नाआधी आपण यादी करतो, मानपानाच्या साड्या कोणी किती घ्यायच्या तेही लिहितो. पण लग्नातल्या भेटवस्तूंची सह्यांसकट यादी ठेवा, असं सांगणारे १९८५ चे नियम कोणाच्या गावी नसतात. पावत्या, लग्नाचे फोटो, लॉकरची नोंद, जे असेल ते जपा.

आता बांद्याचा चेकनाका ओलांडू. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता मुक्तीनंतरही चालू राहिली. कोणताही धर्म असो, लग्नाआधी वेगळा नोंदणीकृत करार केला नसेल, तर दोघांची मालमत्ता एकत्र होते. लग्नाआधीची, नंतरची, वारशाने आलेलीसुद्धा! प्रत्येकाचा निम्मा वाटा, आणि कर्जातही वाटा. जोडीदाराच्या सहीशिवाय घर विकता येत नाही. घटस्फोट झाला की न्यायालयात ‘इन्व्हेंटरी’ चालते, म्हणजे सगळ्या मालमत्तेची यादी होऊन वाटणी. आयकरातसुद्धा अशा जोडप्यांचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न निम्मं-निम्मं धरतात. लग्नाआधीचा तो करार लग्नानंतर बदलता येत नाही. त्यामुळे म्हापशाच्या मुलाशी किंवा मुलीशी लग्न ठरलं असेल, तर हॉल बुक करण्याआधी एकदा हे बोलून घ्या, मग कोणी कितीही नाक मुरडो.

परत आपल्याकडे. तडजोड झाली की ‘कन्सेंट टर्म्स’, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटी, लिहिल्या जातात. “फ्लॅट पत्नीस देण्याचे ठरले” एवढ्या एका ओळीवर सही करू नका. फ्लॅटचा पूर्ण तपशील, दस्त कोणत्या तारखेपर्यंत, मुद्रांक शुल्क कोणी भरायचं, तोवरचा ईएमआय आणि मेंटेनन्स कोणाचा, पार्किंग कोणाचं, बँकेने नकार दिला तर पुढे काय, हे सगळं त्यात हवं. समोरचा मालमत्ता लपवतोय असं वाटत असेल, तर पोटगीच्या अर्जात दोघांनाही मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र द्यावं लागतं. नोव्हेंबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते देशभर लागू झालं, आणि ते प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातूनच वर गेलं होतं.

हुकूमनामा हातात आला की सोसायटी, पीएफ, विमा, डिमॅट, सगळीकडचे नॉमिनी तपासा. ते आपोआप बदलतील असं समजून बसू नका.

एकरकमी पोटगीचा आकडा कोर्ट कसा ठरवतं, ते पुढच्या व्हिडिओत. फ्लॅट कोणाच्या नावावर आणि ईएमआय कोणाच्या खात्यातून, एवढं कमेंटमध्ये लिहा. नावं-गावं नकोत, प्रश्न विचारा.